न बोलण्यावरचं औषध

माझ्या आईनं मला लहानपणी हकिमाकडं नेलं होतं, ते ताप-खोकल्यासाठी नव्हे, तर मी बोलत नव्हते म्हणून. हे मी मध्ये एकदा सुनेला सांगितलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "म्हणजे अडखळत वगैरे होतात का तुम्ही?" तसं काही नव्हतं. जीभ जागेवर होती, कान शाबूत होते, शाळेत पाढे विचारले तर घडाघडा म्हणत होते. फक्त आपणहून काही बोलायचं म्हटलं की शब्द गळ्यापर्यंत यायचा आणि तिथंच थबकायचा, ओट्यावर चपला काढून उभ्या राहिलेल्या, पण आत यायला लाजणाऱ्या पाहुण्यासारखा. घरात मला घुमी म्हणत. आई रागात असली की घुमी, लाडात असली की घुमे. कुसुम हे माझं नाव बहुतेक शाळेच्या हजेरीपुरतंच उरलं होतं.

गुलमंडीच्या मागच्या एका बोळात आम्ही भाड्यानं राहत होतो. पुढं ओसरी, मागं स्वयंपाकाची खोली, मधल्या खोलीत सगळा संसार. पोलीस ॲक्शन होऊन, जुनं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती आणि गावातल्या दुकानांच्या पाट्या एकेक करून नव्यानं रंगवल्या जात होत्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीत होते. त्यांचं सारं शिक्षण उर्दूत झालेलं. कचेरी मराठीत बोलायला लागली आणि मुळातच कमी बोलणारे अण्णा आणखी कमी बोलायला लागले. संध्याकाळी घरी आले की टोपी खुंटीला, पाय धुऊन ओसरीवर, आणि मग जेवायला बोलावेपर्यंत समोरच्या भिंतीकडं बघत बसणं. पण त्यांच्या गप्प बसण्याला लोक भारदस्तपणा म्हणत. तेच माझ्याकडं आलं तर त्याचं नाव घुमेपणा झालं. बापाची उंची मुलाला आली तर कौतुक होतं, बापाचा मुकेपणा मुलीला आला तर मात्र हकीम शोधावा लागतो.

आई बीडकडच्या खेड्यातली. ती सतत बोलायची. माणसांशी तर बोलायचीच, पण चुलीशीही बोलायची, मांजरीशी बोलायची, फुगायला नकार देणाऱ्या भाकरीला "काय गं, रुसलीस व्हय" असं विचारायची. भाकरी थापायचा आवाज आणि तिचा आवाज हे दोन्ही माझ्या कानात एकत्रच आहेत. थापणं थांबलं तर बोलणं थांबे आणि बोलणं थांबलं तर काहीतरी बिनसलंय हे कळे. येसराची आमटी उकळायला लागली की तिचा वास ओसरीपर्यंत यायचा आणि त्या वासाबरोबर आईच्या माहेरची एखादी गोष्ट यायची. धाकटी मंदा आईवर गेलेली. तिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. शाळेतून आल्यावर दप्तर टाकायच्या आधी तिनं बोळातल्या सगळ्या घरांच्या बातम्या देऊन टाकलेल्या असत. त्या दोघी चुलीपाशी बोलत बसायच्या, अण्णा ओसरीवर गप्प बसायचे, आणि मी मधल्या खोलीत. दोन्हीकडचं मला ऐकू यायचं. मधल्या खोलीला खिडकी नव्हती.

एकटी मुलं आपण एकटे आहोत असं म्हणत नाहीत, कारण दुसरं काही असतं हे त्यांना ठाऊक नसतं. मला ठाऊक होतं. मंदा आईच्या मांडीवर डोकं टाकून, "आई, माझी वेणी घाल की, आई, माझ्याकडं बघ की," असं म्हणायची आणि आई तिच्याकडं बघायची. इतकं ते सोपं होतं. माझीही वेणी आईच घालायची. पण माझ्या पाठीशी बसून, घट्ट, आणि बोलायची ते मंदाशी. ती दुष्ट नव्हती. विहिरीत पोहरा सोडावा आणि दर वेळी रिकामा वर यावा, तर माणूस पोहरा सोडायचं थांबवतो, तेवढंच. आईची काळजी निराळीच होती. ती शेजारणीला म्हणायची, "परक्या घरी गेल्यावर हिचं दुखलंखुपलं कोण वळखायचं? हिच्या पोटात दुखलं तरी ही सांगायची नाय." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. एकदा पायात काच गेलेली मी दोन दिवस सांगितली नव्हती.

मग आईचे वडील आजारी पडले. बीडहून माणूस आला आणि आईनं तासाभरात वळकटी बांधली. अण्णांनी टांगा आणला. मंदानं आईचा पदर धरून असा हंबरडा फोडला की बोळातल्या बाया दारात आल्या. "आई, जाऊ नको, आई, मला ने." आईनं तिला उचलून घेतलं, मुके घेतले, चिंचेची गोळी कबूल केली, शेवटी अण्णांनी तिला ओढून काढलं. मी टांग्याच्या चाकापाशी उभी होते. आई टांग्यात बसली आणि तिनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं नाही, ती थांबली. टांगेवाल्यानं लगाम उचलला होता तरी तिनं "हाण" म्हटलं नाही. ती काय ऐकायला थांबली होती हे मला पक्कं कळत होतं आणि ते माझ्या गळ्यात तयारही होतं. ते बाहेर आलं नाही. मग ती म्हणाली, "चल बाबा," आणि टांगा बोळाबाहेर गेला. मी आत आले, दांडीवर वाळत घातलेलं तिचं रोजचं लुगडं ओढून घेतलं आणि अडगळीत, धान्याच्या कणगीमागं, त्यात तोंड घालून पडून राहिले. जेवायच्या वेळेला अण्णांनी मला तिथून उचललं. त्यांनी काही विचारलं नाही. ते विचारत नसत.

आजोबा वारले. दिवस-कार्य उरकून आई परत आली तेव्हा वाळली होती. पायावर पाणी घालता घालता ती शेजारणीला म्हणाली, "मंदीनं रडून गाव गोळा केलं. ही मातर हुबी, दगडावानी. माझंच पोर ना, पर काळजात काय हाय ते देवाला ठाऊक." मी पाण्याची घागर धरून तिथंच उभी होते. त्याच महिन्यात तिनं मला हकिमाकडं नेलं.

हकीमसाहेबांचा दवाखाना खडकेश्वराच्या वाटेवर होता. खाली दवाखाना आणि वर घर. पूर्वी वरून माणसांचे आवाज यायचे म्हणे. आता मुलगा बायकापोरांना घेऊन कराचीला गेला होता, बीबी त्याआधीच वारलेली, मुलगी हैदराबादला दिलेली. खाली फळ्यांवर चिनी मातीच्या बरण्या, आणि गुलाब, बडीशेप, जुनं लाकूड यांचा मिळून एक वास. हकीमसाहेब उंच होते, दाढी पांढरी, शेरवानीची वरची गुंडी कायम लावलेली. आईनं मला त्यांच्यापुढं बसवलं.

"हकीमसाहेब, ही पोरगी बोलत नाय."

"गूँगी है क्या?"

"नाय हो. येतं बोलायला. पर बोलत नाय."

त्यांनी माझ्या मनगटावर बोटं ठेवली आणि डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच बसले. आईला एवढी शांतता सोसत नसे, ती तीनदा खाकरली. मग डोळे उघडून ते म्हणाले, "बुखार नै, दर्द नै. बच्ची का मिजाज सौदावी है." आणि त्यांनी आईला समजावून सांगितलं की माणसं चार मिजाजांची असतात. कुणाचं रक्त उमेदीचं, ती हसरी आणि माणसांत रमणारी. कुणी कफाची, थंड. कुणी पित्ताची, चटकन भडकणारी. आणि कुणी सौदावी, आतल्या आत राहणारी. त्यांना सगळं जास्त लागतं आणि ती सांगतात कमी.

"मग मी कोणची?" आईनं लगेच विचारलं.

"तुम पैली वाली है, बाई. दमवी. तुमारे कू हकीम का कामच नै."

आई खूश झाली. पदर सावरून म्हणाली, "मग हिला माझ्यासारखी करा."

हकीमसाहेब हसले. "मिजाज की दवा नै होती. मिजाज कू निभाना पड़ता."

"ते आम्हाला बी ठाऊक हाय. स्वभावाला औषध नाय म्हणतात आमच्यात. कारलं तुपात तळा, साखरेत घोळा, कडू ते कडूच. म्हणून तर आले, तुमच्या शास्तरात काही निराळं असंल तर."

"करेला तो खुद दवा है, बाई," हकीमसाहेब म्हणाले.

आईला ते पटलं नाही, पण औषध घेतल्याशिवाय ती उठणार नाही एवढं त्यांना कळलं. त्यांनी एका बरणीतून चमचाभर खमीरा, म्हणजे त्यांच्याकडचं चाटण, काढून माझ्या हातावर ठेवला. गोड, थंड, गुलाबाच्या वासाचा. मात्र तो घरी न्यायला दिला नाही. दर गुरुवारी शाळा सुटल्यावर इथं यायचं, इथंच बसून खायचा, आणि तो अंगी लागेपर्यंत घटकाभर इथंच बसायचं. ही अट औषधाची होती की त्यांची, हे मला तेव्हा विचारावंसं वाटलं नाही आणि आज विचारायला कुणी नाही.

त्या गुरुवारांविषयी लिहिताना माझा हात मंदावतो. तिथं काही घडायचंच नाही. मी गेले की ते म्हणायचे, "आ बच्ची," आणि पुढं काहीच नाही. चमचाभर खमीरा झाला की ते माझ्यापुढं वाळलेल्या गुलाबांचं सूप सरकवायचे. पाकळ्या एकीकडं, देठ-कचरा एकीकडं. ते स्वतः खलात काहीतरी कुटत बसायचे आणि त्याचा खणखण आवाज भिंतीवरून परत यायचा. अधूनमधून कुणी दुखणेकरी यायचा, पूर्वीसारखे फार नाही. सुई टोचणारे नवे डॉक्टर गावात आले होते. तिथं मला पहिल्यांदा कळलं की माझं काय होत होतं. घरात सगळे मी कधी बोलते याची वाट बघत असायचे, आणि वाट बघणाऱ्या माणसापुढं मला शब्द फुटत नसे. हकीमसाहेब वाट बघत नव्हते. मी बोलले असते तरी चाललं असतं, नसते तरी चाललं असतं. इतकी मोकळी जागा मला आजवर कुणी दिली नव्हती.

एका गुरुवारी मी म्हणाले, "यात मुंगी आहे."

त्यांनी खल थांबवला नाही. "हौ," ते म्हणाले.

बस, एवढंच. शाबास नाही, बोललीस का गं नाही, कुणाला हाक मारून सांगणं नाही. त्या एका "हौ"चं मला इतकं सुख झालं की त्यानंतर मी बोलत सुटले. पाकळ्या निवडता निवडता शाळेतलं सांगायचे, कणगीतल्या उंदरांचं सांगायचे, अण्णा भिंतीकडं बघतात ते सांगायचे. ते ऐकायचे आणि कुटायचे. कधी त्यांनाच बोलावंसं वाटलं तर छताकडं बघून म्हणायचे, "ऊपर जाने कू दिल नै करता, बच्ची. बहुत बड़ा हो गया घर." मग आम्ही दोघं गप्प. ते गप्प बसणंही चांगलं असायचं.

घरी मात्र औषधाला गुण नव्हता. आई दर आठवड्याला विचारायची आणि मी मान हलवायचे. एकदा मला यायला उशीर झाला म्हणून तिनं मंदाला बघायला पाठवलं. मंदा दारातच थबकली, बघत राहिली, आणि घरी पोचताच तिनं बातमी दिली, "आई, ही तिथं बोलती. लई बोलती. हात करून करून बोलती." आई भाकरी थापत होती. थापणं थांबलं. मला वाटलं, औषध लागू पडलं म्हणून तिला बरं वाटेल. तव्यावरची भाकरी करपली.

आता रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. भाद्रपदात आमच्याकडं महालक्ष्म्या बसत, सगळ्या मराठवाड्यात बसतात तशा. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी, पितळी मुखवट्यांच्या, लुगडी नेसवून उभ्या केलेल्या. पण अण्णांच्या घराण्यात मुखवट्यांच्या जोडीला नदीतले पाच खडेही पुजायचे असत. ते खडे घरातल्या कुमारिकेनं खाम नदीवरून आणायचे, मुक्यानं, मागं न बघता. पुढं दुसरीनं थाळी वाजवत चालायचं. वाटेत कुणी हाक मारली, ठेच लागली, साप आडवा गेला तरी शब्द काढायचा नाही. उंबऱ्यावर आई पाय धुणार, भाकरतुकडा ओवाळून टाकणार आणि विचारणार, "कोण आलं?" आणि मग त्या मुलीनं तोंड उघडायचं, "महालक्ष्मी आल्या." पहिला शब्द देवीचा. तो वाटेत सांडला तर खडे बाटले.

हे काम माझं होतं. वर्षभर जो माझा दोष, तो त्या एका दुपारी घराचा मान व्हायचा. बोळातल्या बाया म्हणायच्या, "मुक्यानं खडे आणावेत तर कुसुमनं." त्या दिवशी मला सगळे कुसुम म्हणत. आई मला स्वतःची मोरणी नथ घालायची, केसांत केवडा माळायची, माझ्या पुढं बसून माळायची, आणि माझ्याकडं बघायची. त्या बघण्यावर मी पुढचं वर्ष काढायचे.

त्या वर्षीही सगळं तसंच झालं. नदीवरून तांब्याच्या गडूत खडे घेतले, वर खण झाकला, आणि निघालो. पुढं मंदा थाळी वाजवत, मागं मी. खडकेश्वराच्या वाटेनं दवाखान्याच्या वळणावर आलो तर दारात टांगा उभा. टांग्यावर ट्रंक, वळकटी, आणि गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड, ज्याचा आकार मला पाठ होता. तो खल होता. हैदराबादची मुलगी बुरख्यात टांग्यात बसलेली. हकीमसाहेब दाराला कुलूप लावत होते.

ते जाणार हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मागच्या गुरुवारी मी पाकळ्या निवडल्या तेव्हा बरण्या रिकाम्या दिसत होत्या, पण मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. दोघंही एकाच मिजाजाची; कोण कुणाला सांगणार. त्यांनी वळून मला बघितलं, गडू बघितला, नाकातली नथ बघितली. रीत त्यांना ठाऊक होती, मीच सांगितली होती. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, मान डोलावली, आणि बाजूला सरून मला वाट करून दिली, की जा, बोलू नको, मला कळलं. मग ते टांग्यात चढले. टांगेवाल्यानं लगाम उचलला.

मी तो लगाम ओळखला. तेच चाक, मी तिथंच उभी.

"हकीमसाहेब, जाऊ नका," मी म्हणाले.

मोठ्यानं म्हणाले. मंदाच्या थाळीचा आवाज बंद पडला. हकीमसाहेब खाली उतरले, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, केवडा चुरगळला नाही इतका हलका. "ये क्या करी तू, बच्ची," ते हळू म्हणाले. "आज नै बोलना था." मग थोडं थांबून, "जाना पड़ता." एवढं बोलून ते पुन्हा चढले. टांगा दिसेनासा होईपर्यंत ते मागं वळून माझ्याकडं बघत होते. पुढं त्यांचं काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

घरापर्यंत मंदा थाळी न वाजवता चालली. उंबऱ्यावर आई कलश घेऊन उभी होती, मागं बोळातल्या बाया. तिनं माझे पाय धुतले, भाकरतुकडा ओवाळला. "कोण आलं?"

मला ते म्हणता येईना. आई पुन्हा म्हणाली, "कोण आलं?"

"आई, ही वाटंत बोलली," मंदा म्हणाली. तिला लावालावी करायची नव्हती, ती रडत होती. तिच्या पोटात काही राहतच नसे.

"कुणाशी?"

"हकीमसाहेबाशी. ते गाव सोडून चालले व्हते. ही म्हणली, जाऊ नका."

मला वाटलं आई मारेल. आई मारत असे. पण ती माझ्याकडं बघत राहिली, टांग्यात बसून बघितलं होतं तशी, आणि तिच्या हातातला कलश कलता कलता पाणी उंबऱ्यावर सांडलं. मग तिनं माझ्या नाकातली नथ काढली, मंदाच्या नाकात घातली, आणि म्हणाली, "ते खडे नदीत सोडा. मंदी नवे आणील."

मंदीनं आणले. नदीपासून घरापर्यंत, ओठ आवळून, तोंड लालबुंद करून, एक शब्द न काढता. उंबऱ्यावर स्पष्ट म्हणाली, "महालक्ष्मी आल्या." थाळी मी वाजवली. त्यानंतर लग्न होईपर्यंत दर वर्षी तीच आणायची आणि एकदाही चुकली नाही. लोक म्हणतात स्वभाव बदलत नाही. तो बदलत नसेलही, पण वेळ आली की बडबड्या माणसाला गप्प बसता येतं आणि घुम्या माणसाला ओरडता येतं, हे मी त्या एका दुपारी दोन्ही बाजूंनी बघितलं. माझ्यापुरतं मात्र एवढंच झालं की दुपारपर्यंत माझ्याकडं गुरुवारची एक जागा होती आणि वर्षातला एक दिवस होता. संध्याकाळी दोन्ही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण. सोळा भाज्या, कटाची आमटी, आंबील, वर टांगलेला फुलोरा. मी पाट्यावर पुरण वाटत होते. आई कढईत उलथणं फिरवत होती. तेवढ्या गर्दीत, तेवढ्या घाईत ती गप्प होती. मग माझ्याकडं पाठ ठेवूनच म्हणाली, "मी बापाला बघाया बीडला गेलते, तवा तू टांग्यापाशी हुबी व्हतीस."

"व्हय," मी म्हणाले.

"तवा बी तुला बोलता येत व्हतं."

मी वरवंटा धरून बसले. मला सांगायचं होतं की तेव्हाही तेच शब्द गळ्यात होते, तेच, एकही वेगळा नाही. तुझं लुगडं घेऊन मी कणगीमागं पडले होते ते अण्णांना विचार. परक्या माणसाला म्हणता आलं, कारण त्याच्या जाण्यानं माझा जीव गेला नसता. तुझ्या जाण्यानं जात होता, म्हणून म्हणता आलं नाही. हे सगळं मला आज लिहिता येतंय. तेव्हा मी पुन्हा वरवंटा फिरवायला लागले, आणि आई उलथणं. रीत मोडल्याचा राग तिला नव्हताच. एका म्हाताऱ्या हकिमाला जे मिळालं ते तिला मिळालं नव्हतं. इतकी बोलणारी बाई, आणि तिच्या मनातलं एवढं मोठं तिनं त्या एका वाक्यात संपवलं. त्या दिवसापासून आम्ही दोघी एका घरात दोन गावी राहिलो.

मॅट्रिकनंतर मला टेलिफोन ऑफिसात ऑपरेटरची नोकरी लागली. सगळे हसले. मला मात्र ते काम फार मानवलं. तिथं शब्द ठरलेले होते. हॅलो, नंबर सांगा. जालना लाईन बिझी आहे. बोला, पैठण लागलंय. लोकांची बोलणी जोडून द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं. आई बोळात सांगायची, "हकिमाला जमलं नाय ते सरकारनं केलं. पगार देऊन बोलाया लावलं." पुढं लग्न झालं, मूल झालं, नवरा भला होता आणि माझ्या गप्प बसण्याला शांत स्वभाव म्हणायचा. तोही गेला. मुलगा पुण्यात आहे, रविवारी फोन करतो. आता या फ्लॅटमध्ये दिवसच्या दिवस माझा आवाज मला ऐकू येत नाही. कधी कधी कुकरची शिट्टी झाली की मी "हौ" म्हणते, तेवढंच.

आई खूप म्हातारी होऊन गेली. शेवटी शेवटी तिला दवाखान्यात ठेवलं होतं, मोठा वॉर्ड, ओळीनं खाटा. कान गेले होते, बोलणं मात्र शाबूत. नर्सेसना माहेरच्या गोष्टी सांगून दमवायची. त्या दुपारी मंदा डबा आणायला घरी गेली होती आणि मी खाटेशी बसले होते. आईनं डोळे उघडले आणि रोज बाजाराला निघाल्यासारखं म्हणाली, "जाते गं मी आता." मग ती थांबली. टांग्यात थांबली होती तशीच, मी लगेच ओळखलं.

मी तिच्या कानाशी वाकले. "आई, जाऊ नको."

"आं?" आई म्हणाली. "काय म्हणलीस? मोठ्यानं बोल."

"जाऊ नको," मी मोठ्यानं म्हणाले. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं वळून बघायला लागली. आईनं डोळे मिटले, आणि तिच्या बोळक्यात हसू आलं.

"ऐकू आलतं की पैल्यांदाच," ती म्हणाली.

तिला खरंच किती ऐकू येत होतं, हे मला आजही माहीत नाही.